बेहड्याला न सांगितलेलं

त्या रानात किडीवर औषधं निघाली होती, पण कीड लागल्याचं झाडाला कसं सांगावं, हे कुणी शिकवत नसे.

रानाचे वैद्य सुतारपक्षी. सात ऋतू ते खोडावर टोचा मारून आतला आवाज ऐकायला शिकत. डोंगरापलीकडून आणलेल्या कडू लेपामुळं किडीनं पोखरलेली झाडंही आता चार-पाच पावसाळे अधिक काढत. तुरेबा या सगळ्यांत निष्णात होता.

म्हातारा बेहडा त्याच्याच उपचारावर होता. लेपानं त्याची पानं अवेळी गळत, चीक कडवट होई. तो कुरकुरत नसे. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तुरेबानं टोचा मारला, तर आवाज मुळापर्यंत पोकळ आला. आता लेप चालणार नव्हता.

"पुढचा फुलोरा बघेन ना मी?" बेहड्यानं विचारलं.

"पलीकडून नवा लेप आलाय, बाबा. देऊन पाहू," तुरेबा म्हणाला आणि घाईनं टोचे मारू लागला. चोच कामात असली की बोलावं लागत नाही.

बेहड्यानं विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात धनेशाची जोडी ढोली मागायला आली आणि त्यानं आनंदानं दिली. मादीनं रीतीप्रमाणे आत बसून दार चिखलानं लिंपून घेतलं. पिसं झडली की तिला दोन-तीन महिने उडता येत नाही.

एका दुपारी साधाच वारा सुटला आणि बेहडा कोसळला. ढोली दुभंगली. मादी वाचली, अंडी फुटली. नर चोचीत उंबर घेऊन आला आणि ते खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

बेहड्यात अजून थोडा ओलावा होता. "तुला कधी कळलं होतं?" उडत आलेल्या तुरेबाला त्यानं विचारलं.

"ढोली देण्याआधी."

"मला सांगितलं असतंस, तर त्यांना शेजारच्या ऐनाच्या झाडाकडे पाठवलं असतं." बेहडा रागावला नाही. तुरेबाला तेच जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी बेहडा वाळला.

पुढं तुरेबानं सुतारपक्ष्यांच्या पंचांकडे झाडाला कसं सांगावं हे शिकवण्याची परवानगी मागितली. सात ऋतूंत त्यासाठी जागा नाही, असं ते म्हणाले. मग तो आपल्या वेळात पिल्लांना जमवू लागला. आधी फांदीवर बसायचं, झाडाला काय ठाऊक आहे ते विचारायचं, खरं ते थोडक्यात सांगायचं, मग चोच मिटून थांबायचं. थांबणं कुणालाच जमेना. गप्प बसलं की चोची आपोआप सालीकडे वळत.

चिवटी नावाची एक पोर मात्र शिकली. एका सकाळी ती मुळापर्यंत पोखरलेल्या काटेसावरीच्या फांदीवर बसली. तुरेबा दुरून पाहत होता. चिवटीनं काहीतरी विचारलं, थोडं सांगितलं आणि ती थांबली. बराच वेळ झाला. सावर हलली नाही, चिवटीही हलली नाही.

मग सावरीनं घट्ट मिटून धरलेलं एक बोंड उघडलं. मागून दुसरं, तिसरं. वारा पूर्वेकडे वाहत होता. पांढऱ्या कापसात गुंडाळलेल्या बिया तिकडच्या उघड्या माळावर उतरत राहिल्या.