वरपाण्याकडची वाटी

कित्येक पिढ्यांमागची गोष्ट. एका राज्यात नदीच्या काठाकाठाने नावाड्यांची गावं होती. त्यांच्या बोलीत डावं-उजवं नव्हतंच. नदी जिकडून येते ते वरपाणी, जिकडे जाते ते खालपाणी. "अरे, तुझ्या वरपाण्याकडच्या गालाला शीत लागलंय," असं आई म्हणायची, आणि लेकरू बरोब्बर तोच गाल पुसायचं.

तिथली एक मुलगी राजधानीच्या वैद्यशाळेत आली. तिच्या गावात वैद्य नव्हता. साप चावलेलं माणूस होडीतून राजधानीला पोचेपर्यंत हातचं जायचं. वैद्य होऊनच परतायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण प्रवेशाच्या परीक्षेतच घोटाळा झाला. आचार्यांनी चौरंगावर औषधांच्या पाच वाट्या ओळीने मांडल्या. "नीट बघून घे. आता मागे वळ, आणि त्या दुसऱ्या चौरंगावर अश्शाच मांड."

मुलीने मांडल्या. ओळ नेमकी उलटी!

विद्यार्थी खिदळले. "पाच वाट्या लक्षात राहत नाहीत, आणि म्हणे वैद्य व्हायचंय!"

आचार्यांनी मान हलवली. "पोरी, तुझी बुद्धी मंद आहे. उद्याच्या होडीने घरी जा."

मुलगी जागची हलली नाही.

"आचार्य, वाट्या होत्या तशाच आहेत. हळदीची वरपाण्याकडे, सुंठीची खालपाण्याकडे. वळलो ते आपण."

"इथे कुठे आली नदी?" एकजण ओरडला. "हिच्या डोक्यातून वाहतेय वाटतं!"

"माझे डोळे बांधा," ती म्हणाली. "गरागरा फिरवा. मग विचारा, नदी कुठे."

डोळे बांधले. फिरवलं. या दालनातून त्या दालनात नेलं. दोनदा ती भोवळ येऊन धडपडली, पण दर वेळी तिचा हात अचूक नदीकडे गेला.

"आता यांना विचारा."

ओरडणाऱ्याचे डोळे बांधले. त्याने नदी म्हणून स्वयंपाकघर दाखवलं.

आचार्य मुलीकडे वळले. "चुकलो मी," ते म्हणाले. "लहानपणापासून जसं बोललीस, तसं तुझं डोकं घडलं. पण ऐक. रोगी कूस बदलतो, आणि दुखणं त्याच्याबरोबर वळतं. ते नदीला धरून राहत नाही. डावं-उजवं तुला यावंच लागेल."

"मग शिकवा ना! येत नाही म्हणालात तर मान्य. येणारच नाही, असं नका म्हणू."

ती राहिली. सुरुवातीला भलत्याच गुडघ्याला लेप लावायची. "अगं बाई, दुसरा!" म्हणून म्हातारे कळवळायचे. ती ओशाळायची, लेप पुसायची, पुन्हा लावायची. महिन्याभरात हात बसला. मग रानात झाडपाला आणायला जाताना तिने इतरांना नदीचं भान शिकवलं. त्यांना दोन वर्षं लागली.

ती वैद्य होऊन गावी परतली, आणि साप चावलेलं पहिलं माणूस तिने काठावरच वाचवलं.

इकडे आचार्य नव्या मुलाला आधी विचारू लागले, "बाळ, तुमच्याकडे वाट कशी सांगतात रे?" मगच वाट्या मांडायचे.

तात्पर्य : माणसाची बुद्धी जोखण्याआधी ती कुठल्या बोलीत आणि कुठल्या जगण्यात घडली, हे समजून घ्यावं.