बोथट तलवारी

झाडांना हाक मारली की ती ओ देत, त्या काळी एक सुतारपक्षी लाकडाचे लढवय्ये कोरून विकायचा. भालेराव अस्वल हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"नातवाला ना?" सुतारपक्षी दर वेळी विचारायचा.

"हो, नातवालाच," भालेराव खाली बघत म्हणायचे.

मग पिल्लाला लागू नये म्हणून तो तलवारीचं टोक घासून बोथट करायचा आणि आपल्याच मायाळूपणावर खूश व्हायचा. भालेराव त्या टोकाकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचे.

एकदा गुहेच्या दाराला वाळवी लागली, म्हणून भालेरावांनी सुतारपक्ष्यालाच बोलावलं. आत फळीवर चाळीस लढवय्ये ओळीनं उभे होते. एकावरही पिल्लाच्या दाताची खूण नव्हती की धुळीचा कण नव्हता. बोथट तलवारी काढून प्रत्येकाच्या हातात बाभळीचा काटा बसवलेला होता.

सुतारपक्षी वाळवी टिपून घरी आला. पुढच्या लढवय्याची तलवार त्यानं अशी कोरली, की टेकवताच पान चिरावं.

"नातवालाच ना?" त्यानं विचारलं. "टोक जरा बोचेल हं."

"बोचू दे," लढवय्याला छातीशी धरत भालेराव म्हणाले, "त्याला मी हात लावू देतो कुठे?"