पाण्याचे चार हात

“चार दांड्या दिल्या, मग दोनच का बसवल्यास?” राजे प्रतापवर्मा गरजले आणि भिवा कातारी हातात उरलेल्या दोन दांड्यांकडे बघू लागला.

राजांना हल्ली रसायनशास्त्राचं वेड लागलं होतं. गेल्या वर्षी कबुतरांचं होतं. कारंज्यावर पाण्याचा रेणू उभारायचा म्हणून त्यांनी भिवाकडून लाकडी गोळे कातून घेतले होते. ऑक्सिजनचा एक मोठा, हायड्रोजनचे दोन लहान; अणूला जितके हात तितकी गोळ्याला भोकं, आणि दोन गोळे जोडणारी दांडी म्हणजे बंध.

राजपंडित तर्कभूषण पुढे सरसावले. “ऑक्सिजनला हात दोन, हायड्रोजनला एकेक. हात चार, म्हणजे बंध चार! माझं गणित चुकत नसतं.”

“नसतंच!” दरबार म्हणाला. दरबाराला गणित येत नव्हतं, मान डोलवता येत होती.

“मावळतीपर्यंत चारही दांड्या बसव,” राजांनी हुकूम सोडला. “गोळ्याला जादा भोक पाडायचं नाही! नाहीतर हत्यारं जप्त आणि तू हद्दपार!”

भिवाची लेक सगुणा मागेच उभी होती. त्या हत्यारांवर त्यांची चूल पेटायची. पण पंडितांचा रुबाब पाहून तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

“बसवते, महाराज! पण आधी पंडितजी आणि प्रधानजींनी फुगडी घालून दाखवावी.”

दरबारात खसखस पिकली. राजांनाही गंमत बघायचीच होती, त्यांनी खूण केली. झालं! दोघा ढेरपोट्यांनी एकमेकांचे हात धरले, गिरकी घेतली आणि पागोटी उडाली.

“तसेच थांबा! पंडितजी, हात किती?”

“चार!” पंडित धापा टाकत म्हणाले.

“आणि पकडी किती?”

पंडितांनी खाली पाहिलं. “दोन...”

“अगं बाई! मग बाकीच्या दोन कुठं सांडल्या? महाराज, दोघांचा एकेक हात लागतो, तेव्हा कुठं एक पकड होते. माझ्या बाबांनी तेच केलं.”

राजांनी हसू दाबलं. “बरं, कर्बाला हात चार. भोवती चार हायड्रोजन. बंध किती?”

“आठ हात, चार बंध.”

“आणि कर्बाच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन बसवले तर?”

“तरी चारच! फक्त कर्बाला दोन्हीकडे फुगडी घालावी लागेल.”

राजे खदखदून हसले. भिवाला त्यांनी माफ केलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातावर ठेवलं. सगुणा मात्र हात पसरूनच उभी!

“आता काय गं?”

“देणारा हात एक, घेणारा हात एक. पंडितजींच्या गणितानं कडी दोन होतात, महाराज!”

राजे पोट धरून हसले आणि दुसरं कडं काढू लागले.