कॉम्प्रेसरचा दम

घरोघरी अजून ब्रशनेच रंग देत होते, त्या काळातली ही गोष्ट. हेमांगीताईंच्या अंगणात एक जुनं लाकडी कपाट रंगासाठी उभं होतं. "आज रूप पालटलं नाही, तर उद्या मी भंगारात," ते कापऱ्या आवाजात म्हणालं.

"मी आहे ना!" स्प्रे गन ऐटीत म्हणाली. तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र लहानसा होता. एक फळी रंगवली की त्याची टाकी रिकामी व्हायची.

"काय रे डबड्या, एवढ्यात दम लागला?" गनने टोमणा मारला. "गॅरेजमधला मोठा दिवसभर थांबत नाही. चल, सोड हवा!"

बिचाऱ्याने उरलीसुरली हवा सोडली. बारीक फवारा आलाच नाही. कपाटाच्या दारावर रंगाचे जाड थेंब उडाले आणि ओघळले.

"अगं, माझं तोंड!" कपाट ओरडलं.

हेमांगीताईंनी दार पुसून, घासून साफ केलं. गन पुन्हा घाई करू लागली, तसा कॉम्प्रेसर म्हणाला, "कितीही चिडव. टाकी भरल्याशिवाय मी हवा सोडणार नाही. माझा दम लहान आहे, पण देईन तो पूर्ण देईन."

तो घरघरत भरत राहिला. तेवढ्या वेळात रंगाचा आधीचा हात सुकला आणि त्यावरचा दुसरा हात न ओघळता बसला.

दुपार कलली. "अहो, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा!" हेमांगीताईंनी घरात हाक दिली. आता एकच खण उरला होता.

"फवारा मारायचा ना?" कॉम्प्रेसरने विचारलं.

"थांब," गन म्हणाली, "आधी तुझा दम भरू दे."