सूत्रांकडून समजते

हौसामावशीनं आपल्या खानावळीची जाहिरात द्यायला नकार दिला, हे ‘कडकडाट’ चॅनेलच्या ढमढेरेसाहेबांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून टीव्हीभर लाल अक्षरं नाचू लागली: ‘हौसामावशीच्या आमटीत पाल, सूत्रांकडून समजते!’ गिऱ्हाईक पांगलं, भरली पातेली तशीच राहिली.

बातमी खोटी आहे हे मावशी सोडून गावात एकाच माणसाला खात्रीनं ठाऊक होतं. म्हणून दुपारी जेवायला तो एकटाच आला.

मावशीनं ढमढेरेसाहेबांपुढं रिकामं ताट मांडलं आणि निवांत टीव्ही बघत बसली.

“मावशी, वाढा की!”

“तुमचं जेवण झालंय, साहेब.”

“कोण म्हणतं?”

“सूत्रांकडून समजलं.”

“कुठली सूत्रं?”

“नाव फोडायचं नसतं म्हणे. तुम्हीच सांगता की रोज.”

साहेब कडाडले, “अहो, पोट माझं! मला एका शब्दानं विचारायचं तरी!”

“आमटी माझी होती,” मावशी म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

आतून आमटीचा वास येत होता. साहेबांनी मुकाट्यानं ऑफिसला फोन लावला आणि खुलासा सोडायला सांगितलं. टीव्हीवर पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ सर्रकन पळाली.

“दिला खुलासा! आता वाढा.”

मावशी उठली. त्या भल्यामोठ्या ताटाच्या कडेला तिनं भाताचं एकच शीत ठेवलं.

“घ्या, तुमच्या खुलाशाच्या मापानं वाढलंय. बातमीच्या मापाचा खुलासा आला, की पोटभर वाढते.”