अडसराच्या टोकावरचा नारळ

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक कासार आणि एक कासारीण राहत होती. त्यांच्याकडे एक भुरं तट्टू होतं. इतर गोष्टींतली जनावरं बोलतात, हे बोलत नसे. कासारीणच त्याच्याशी इतकं बोलायची, की बिचाऱ्याला संधी मिळत नसावी, असं कासार म्हणायचा.

तट्टाच्या पाठीवर बांगड्यांची पेटी, पुढे बडबडणारी कासारीण आणि मागे लंगडणारा कासार, अशी ही वरात गावोगाव फिरे. कासाराचा गुडघा लहानपणापासून अधू होता. चढ लागला की तो तट्टाच्या मानेवर हात टाकी, आणि तट्टू आपणहून चाल मंद करी. फार गोड संसार होता तिघांचा.

एका वर्षी नदीला पूर आला आणि घरातला सगळा माल वाहून गेला. कासाराने बांगड्या विकायच्या नाहीत, तर करायचं काय? नवा माल भरण्यासाठी त्यांनी गावच्या सावकाराकडे घर गहाण ठेवलं.

आता त्या गावची गहाणाची रीत ऐका. घर गहाण पडलं तरी माणसं घरातच राहत. फक्त दाराचा अडसर, म्हणजे रात्री दाराला आतून आडवा लावतात तो लाकडी दांडा, सावकाराच्या वखारीत जाई. कर्ज फिटेपर्यंत दार नुसतं लोटून झोपायचं. कर्ज फिटलं की अडसर परत आणायचा आणि निघताना सावकाराला काहीतरी सोडवणूक द्यायची. ती किती, हे पहिल्याच दिवशी ठरे. चावडीवरचा म्हातारा सुतार दोघांच्या समोर ती अडसराच्या टोकावर कोरून ठेवी.

पण गंमत बघा. घर गहाण ठेवताना माणसं लाजेने मान खाली घालून बसत, त्यामुळे सुतार काय कोरतो याकडे कुणाचं लक्ष नसे. आणि अडसर परत मिळे तेव्हा माणसं इतकी हरखलेली असत, की घरी येऊन तो दाराशेजारी भिंतीत अडसरासाठी ठेवलेल्या भोकात सरळ सारून टाकत. कोरलेलं टोक आत, अंधारात. सगळ्या गावात कुणीच ते वाचत नसे. सावकाराला हे पक्कं ठाऊक होतं.

कासार-कासारणीने तीन वर्षं पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता देऊन दोघं हात जोडून उभी राहिली.

सावकार मोठा गोडबोल्या. म्हणाला, "वा वा! घर मोकळं झालं हो तुमचं. आता तेवढी सोडवणूक द्या आणि अडसर घेऊन जा."

"काय द्यायची, सावकार?" कासाराने विचारलं.

"फार नाही. ते तट्टू इथं बांधा."

कासारीण काही बोलणार, तोच कासाराने तिचा पदर ओढला. "अगं, आज नको. घर सुटलं, केवढा मोठा दिवस आहे. आज भांडण नको."

ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच बसली असावी. तिने तट्टू खुंटाला बांधलं, त्याच्या कपाळावरचे केस सारखे केले आणि अडसर खांद्यावर घेऊन मागे न बघता चालू लागली. तट्टू मात्र दोर ताणून, ती दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत, त्यांच्याकडे बघत राहिलं.

घरी आल्यावर कासार अडसर भिंतीत सारायला गेला, तर आतून चिवचिव ऐकू आली. तीन वर्षं रिकाम्या राहिलेल्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं. आत उघड्या चोचींची तीन पिल्लं होती.

"आता गं?" कासार म्हणाला.

"आता काय? तीन वर्षं दार लोटून झोपलो, आणखी पंधरा दिवस झोपू. त्यांचं घर मोडून आपलं बंद करायचं होय?"

म्हणून अडसर ओसरीवर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कासार बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन निघाला आणि संध्याकाळी सुजलेला गुडघा धरून ओसरीवर बसला. कासारीण तेल चोळायला बसली, आणि तिची नजर समोर गेली. अडसराच्या टोकावर एक वाटोळी खूण होती. वर शेंडी, खाली तीन डोळे.

"अहो," ती म्हणाली, "हा तर नारळ आहे. एकच नारळ!"

कासाराने वाकून खूण जवळून बघितली. मग म्हणाला, "आपण काही न विचारताच तट्टू देऊन आलो की गं."

सकाळी कासारीण वखारीवर गेली. घट्ट हातात बांगडी चढवताना जोर करून चालत नाही, काचही फुटते आणि हातही कापतो. हात दाबत, बोलत राहावं लागतं. ती तशीच बोलली, मऊ आवाजात.

"सावकार, टोकावर नारळ कोरलाय. हा घ्या नारळ. तट्टू सोडा."

"अगं बाई," सावकार हसला, "तीन वर्षं तुझा अडसर सांभाळला, वाळवी लागू दिली नाही. आणि तू तर खुशीनं दिलंस!"

"खुशी घर सुटल्याची होती, सावकार. तट्टू गेल्याची नव्हती."

"दिलं ते दिलं. आता बाजारच्या दिवशी बघू," असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. पलीकडे तट्टू धान्याची पोती वाहत होतं. तिचा आवाज ऐकून त्याने कान टवकारले. तिला तिथेच रडू कोसळलं, पण डोळे पुसून ती पुढच्या घरी बांगड्या भरायला गेली.

बांगड्या भरून घेताना बाई खोटं बोलत नाही, कारण हात दुसरीच्या हातात असतो. कासारणीने पहिल्या घरी विचारलं, "वहिनी, तुमचं घर सुटलं तेव्हा सोडवणूक काय दिलीत हो?"

"पितळेची घागर दिली, मावशी. रिवाजच आहे म्हणे."

दुसऱ्या घरी कळलं, दुभती शेळी. तिसऱ्या घरी सुनेच्या पायातले वाळे. कुंभाराच्या घरून तर पावसाळ्याच्या तोंडावर छपराचे वासे गेले होते. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यालाच एवढं जास्त पडलं. प्रत्येकीने लाजून कुणाला सांगितलं नव्हतं. कासारीण प्रत्येक घरी एकच सांगे, "अडसर भिंतीतून पुरता बाहेर काढा आणि टोक बघा." बायका अडसर काढून टोक बघत. सगळीकडे एकेकच नारळ होता.

बाजारच्या दिवशी गावाने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. सतरा बायका खांद्यावर सतरा अडसर घेऊन चावडीवर आल्या. त्या गावचा न्यायनिवाडा तोच म्हातारा सुतार करी. सावकारालाही बोलावणं गेलं. तो आला आणि अडसरांकडे बघून त्याचा गोडवा निम्मा उतरला.

सुताराने एकेक टोक बोटाने चाचपून पाहिलं. "कोरीव काम माझं आहे. सावकार, तुमच्यासमोर कोरलं होतं ना?"

"हो, पण दिवस बदलले आहेत, दादा. वखारीचा खर्च वाढला."

"मग कोरायच्या दिवशी सांगायचं होतं. मी दोन नारळ कोरले असते. घर सुटायची घडी दारात उभी असताना, माणूस नाही म्हणू शकत नाही अशा वेळी मागायचं, ही कुठली सोडवणूक?"

सावकाराने कासारणीकडे पाहिलं. "पण या सगळ्यांनी आपल्या हातानं दिलं!"

"आम्ही दिलं," कासारीण म्हणाली, "कारण आम्ही बघितलं नाही. तुम्ही घेतलंत, कारण तुम्ही बघितलं होतं."

सावकाराने मान खाली घातली, अगदी घर गहाण ठेवणारी माणसं घालतात तशी. वाईट माणूस नव्हता तो. पहिल्यांदा दोन नारळ मागितले, कुणी काही बोललं नाही. मग घागर मागितली, तेव्हाही कुणी बोललं नाही. हळूहळू हात लांबत गेला.

संध्याकाळपर्यंत घागर, शेळी, वाळे, वासे, सगळं आपापल्या घरी पोचलं. तट्टू आणायला मात्र कुणाला जावं लागलं नाही. खुंटाचा दोर सुटताच ते आपणहून कासाराच्या ओसरीवर आलं आणि कासाराच्या खांद्यावर मान टाकून उभं राहिलं. कासारीण त्याला एवढं रागावली, एवढं रागावली, की शेजारपाजारचे बघायला आले. सगळा राग डोळ्यांतून वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सतराही बायकांनी सावकाराच्या ओट्यावर एकेक नारळ नेऊन ठेवला. "हा तुमचा हक्काचा," कासारीण म्हणाली. सावकाराने ते सगळे तिथेच फोडले आणि गावभर खोबरं वाटलं. चिमणीची पिल्लं उडाल्यावर कासाराने भोक झाडून घेतलं आणि अडसर उलटा सारला, नारळाचं टोक बाहेर, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. ते बघून गावातल्या प्रत्येक घराने तसंच केलं. त्यानंतर तिथे कुणाचंही घर सुटलं, तरी एका नारळावर दुसरा नारळ कधी कुणी मागितला नाही.

बोध: सुटकेच्या आनंदात ठरल्यापेक्षा जास्त दिलेलं ते दान नसतं; ठरलेली खूण दाखवून ते परत मागायला लाजू नये.