टिटवीच्या पिल्लाचं गाणं

माळावर पहिला बंगला उठला, त्या काळची गोष्ट. ओसरीवरच्या पिंजऱ्यात एक परदेशी पक्षी आला. दिवसभर तो बर्फाची गाणी गायचा. टिटवीची पिल्लं तिथून हलायचीच नाहीत.

"अरे, आधी आपली हाक शिका," टिटवी कळवळून सांगायची. "कोल्हा आला तर मला कळणार कसं?"

"ती कर्कश हाक? शी, आई! लाज वाटते," थोरलं म्हणायचं.

एका सकाळी ती किडे टिपत होती. बाभळीमागून गाणं आलं. उंच, गोड, थरथरतं. 'आज किती छान गातंय थोरलं!' तिने नकळत मान डोलावली.

गाणं मध्येच तुटलं. कोल्हा जिभल्या चाटत बाहेर आला. जिवाच्या आकांताने ओरडायलाही थोरल्याला तेवढंच येत होतं.

ओसरीवरच्या पक्ष्याने पुढचं कडवं घेतलं.